आमच्या हॉलमधलं अंतराळ

मला संगीतातलं काही कळत नाही. पण शेजाऱ्याचा हेवा करायला कान लागत नाहीत.

शारजात, रोल्लाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दाराआड परांजपे राहतात. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातली एक जर्मन रेकॉर्ड आहे. गाणारा नाही, तबला नाही, नुसती यंत्रांची घूं घूं! (कव्हरवर एक निळा ग्रह.) ती ऐकून आमची माधवी घरी आली ती तरंगतच.

"काय टेस्ट आहे हो परांजप्यांची! डोळे मिटले की थेट अंतराळात! आणि आपल्याकडे ऐकायला काय? एसीची घरघर! गार तर करतच नाही तो. दोन महिने सांगतेय, कंप्लेंट करा."

"करतो, इन्शाल्ला," मी म्हणालो. पण माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याच मेंटेनन्सवाल्याच्या हातचं नव्हतं. माधवीने माझ्या टेस्टचं कौतुक शेवटचं केलं होतं ते लग्न ठरलं तेव्हा!

दोन शनिवार रास अल खोरची जुन्या मालाची गोदामं पालथी घालून मी एक रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर आणि त्याच काळातली जर्मन रेकॉर्ड पैदा केली. माझ्या कव्हरवर दोन ग्रह होते! तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी परांजप्यांसकट चार कुटुंबांना जेवायला बोलावलं. रेकॉर्ड आधी ऐकून बघावी, हे मात्र सुचलं नाही. हेव्यातून सवड कुठे होती?

सगळे बसले. मी दिवे मंद केले, पुजाऱ्याच्या गांभीर्याने सुई टेकवली आणि डोळे मिटले. घर्रर्र... घूंऽऽ...

"अहाहा!" परांजपे कुजबुजले. "काय खोली आहे या सुराला!"

"जर्मन आहे," मी नम्रपणे म्हणालो.

मध्येच खट्‌ खट्‌ झालं. परांजप्यांनी मांडीवर थाप मारली. "क्या बात है! ताल बघा कसा चोरपावलांनी आला!" त्यांच्या चेहऱ्यावर चक्क असूया होती! आणि माधवी माझ्याकडे अशी बघत होती, की मी पोट आत घेतलं.

अकरा मिनिटांनी घरघर अचानक थांबली.

"संपली? एवढ्यात?" परांजपे हळहळले. रेकॉर्ड तर फिरतच होती. आमच्या सईने मोबाईलमधून डोकं वर काढलं.

"बाबा, द स्पीकर्स आर नॉट इव्हन प्लग्ड इन. दॅट वॉज द एसी."

सोलकढीच्या वाटणासाठी मिक्सर हॉलमध्ये आणून स्पीकरचा प्लग मीच काढला होता! सगळ्यांनी एकदम छताकडे पाहिलं. मी घाईघाईने प्लग लावला आणि खरीखुरी रेकॉर्ड वाजू लागली. परांजप्यांनी दोन मिनिटं ऐकली.

"बरी आहे," ते म्हणाले. "पण मघाची खोली नाही."

"नाहीच मुळी!" माधवी म्हणाली. मला फार लागलं ते.

शेवटी मी कंप्लेंट केली आणि सोमवारी मेंटेनन्सवाला शिडी घेऊन आला. ज्याच्यासाठी इतके दिवस माझ्यामागे धोशा लावला, त्याला माधवीने दारातच अडवलं.

"भैया, अभी मत ठीक करो. शनिवार को गेस्ट आनेवाले हैं, सुनने के लिए."

हल्ली मला परांजप्यांचा हेवा वाटत नाही. मी सोफ्यावर घाम पुसत बसतो आणि एसीवर जळतो.