पुसलेले दोन शब्द

“मशीन बोलतं का? मग तू कशाला बोलतेस?” वकीलसाहेब चार पक्षकारांसमोर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

डहाणूला कचेरीसमोर त्यांचं ऑफिस. मी टायपिस्ट. कॉम्प्युटर होता, पण स्टँप पेपर जुन्या इलेक्ट्रॉनिक टाइपरायटरवरच. आत अक्षरांची गोल चकती फिरते, हवं ते अक्षर काळ्या फितीवर आपटतं. चुकलंच तर एक बटण दाबायचं. अक्षर कागदावरून उचललं जातं, डागही राहत नाही.

त्या दिवशी गंजाडहून जानीकाकी आलेली. माझ्याच पाड्यातली. तिच्या शेतातून चिकूवाडीच्या शेठला टेंपोसाठी वाट हवी होती, ‘एका हंगामासाठी’. मी तिला वाचून दाखवलं. तिने अंगठा दिला आणि एसटी धरायला गेली.

मग साहेब म्हणाले, ते दोन शब्द उचल, ‘कायमस्वरूपी’ टाक. काकीला विचारायला हवं, एवढंच मी म्हटलं. त्यावर ते मशीनचं बोलले.

मी कागद पुन्हा चढवला. ओळ केसभर हलू दिली नाही. हात साफ आहे तुझा, साहेब म्हणाले. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

चिकूचा हंगाम संपला. शेठने काकीच्या शेतातल्या त्या वाटेला कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. तलाठ्याने काकीला कागद वाचून दाखवला. ती वकिलाकडे गेली नाही. माझ्याकडे आली.

“मला वाचता येत नाय, पोरी. ऐकू येतं.”

एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती फीत एकदाच वापरायची असते. आपटलेलं प्रत्येक अक्षर तिच्यावर कोरलेलं राहतं. त्या दिवसाची संपलेली फीत मी फेकली नव्हती, ड्रॉवरच्या तळाशी दडवली होती. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. उजेडात धरली. कागदावर नसलेले दोन्ही शब्द तिथे होते. थोडं पुढे ‘कायमस्वरूपी’.

मी साहेबांना सांगितलं, ही फीत मी प्रांतसाहेबांकडे देणार. ते शांतपणे म्हणाले, “बोटं तुझी होती. आधी तूच अडकशील.”

खरं होतं. म्हणून अर्जाची पहिली ओळ मी तीच लिहिली. खाडाखोड मी केली.

नोकरी गेली. काकीने माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. सुनावणीला ती माझ्यापासून लांब बसते. बसू दे. कुंपण निघेपर्यंत मी प्रत्येक तारखेला उभी राहणार. आधी माझा गुन्हा सांगणार, मग त्यांचा.