अप्पांनी माझे पाने पूजेला लावले

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या गाडीने बोंब मारली. अक्षरशः... सुरू केली की बॉनेटच्या आतून कर्कश किंचाळी. उघडून बघितलं तर फॅन बेल्टला ठिकठिकाणी चिरा पडलेल्या.

एरवी मी खुशाल दुर्लक्ष केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मैंदर्गीहून अक्काला आणायचं होतं. माझी मोठी बहीण, दिवस भरत आलेले, त्यात बीपी वाढलेलं... आता माहेरी सोलापुरातच राहा, हॉस्पिटलच्या जवळ, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

भावजींकडे फक्त बाईक. एसटीचे धक्के तिला चालणार नव्हते, आणि भाड्याच्या गाड्या विचारल्या तर दसऱ्यामुळे सगळ्या आधीच बुक. वाटेत हा बेल्ट तुटला तर इंजिन तापून गाडी उभीच राहणार... भरल्या दिवसांची अक्का गाडीत आणि आजूबाजूला नुसती शेतं!

मेकॅनिकला फोन केला. "ताई, आज खंडेनवमी हाय की! पाने पूजेला लावलेत. उद्या पूजा हलल्याशिवाय हात लावत न्हाय." खरं होतं त्याचं. आमच्याकडे या दिवशी हत्यारांना सुट्टी असते आणि ती कुणी मोडत नाही.

मग मीच बाह्या सरसावल्या. गाडीची बारीकसारीक कामं मी व्हिडिओ बघून घरीच करते. टूलकिट माझं स्वतःचं आहे, आणि त्याचा मला जरा माजही आहे.

बेल्ट बदलायला ऑल्टरनेटरचे दोन बोल्ट सैल करावे लागतात. वरचा पटकन सुटला. खालचा मात्र गंजून असा घट्ट बसला होता की विचारू नका.

व्हिडिओतले सगळे उपाय करून झाले. गंज सोडवायचा स्प्रे मारला, हातोडीने टकटक केलं, रिंग पाना लावून अक्षरशः लोंबकळले... ढिम्म! आता एकच राहिलं होतं, पान्यावर लांब पाईप चढवायचा आणि अंगातला सगळा जोर लावायचा.

जोर जास्त झाला तर बोल्ट तुटतो आणि अर्धा आतच अडकतो, हे मला माहीत होतं. पण तोवर मी इतकी वैतागले होते की तुटला तर तुटला, असं ठरवूनच नवा बेल्ट आणि पाईप आणायला सात रस्त्याच्या दुकानांत गेले.

परत येऊन बघते तर टूलकिट रिकामं. माझे सगळे पाने देवघरासमोर पाटावर ओळीने मांडलेले, हळदकुंकू लावलेले, वर झेंडूची फुलं! शेजारी अप्पांची दुकानातली कात्री आणि कापड मोजायचा गज.

अप्पा म्हणजे माझे वडील. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि गाडीतलं त्यांना पेट्रोल कुठून भरतात एवढंच कळतं.

मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. अक्काला काही झालं तर कोण जबाबदार, इथपर्यंत बोलून गेले...

"ब्याड म्हंजे ब्याड!" अप्पा म्हणाले. म्हणजे नको म्हणजे नको. त्यांचं कानडी बाहेर आलं की विषय संपला असं आमच्या घरात समजायचं. मग जरा हळू आवाजात, "अक्का माझी बी लेक हाय की. सकाळी लवकर पूजा हलवतो, मग कर काय करायचं ते."

मी रागारागाने स्प्रेचा डबा उचलला. अप्पांनी बघितलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ते काय हत्यार न्हाय." झालं... मग दिवसभर जाता-येता, राग उफाळला की मी बॉनेट उघडून त्या बोल्टवर फवारा मारत होते. दुसरं काही हातात नव्हतंच.

दसऱ्याला उजाडायच्या आत अप्पा आंघोळ करून तयार. पूजा हलवली, कुंकवाने माखलेला पाना स्वतः माझ्या हातात दिला आणि गाडीजवळ येऊन उभे राहिले. त्यांनाही झोप लागली नव्हती, डोळे लाल दिसत होते.

पाना लावला. आधी किंचित आवळला, मग उलटा फिरवला... पाईप अजून जमिनीवरच होता. कट् असा आवाज आला आणि बोल्ट सुटला! मी वेड्यासारखी पुन्हा पुन्हा फिरवून बघत होते, खरंच सुटलाय ना म्हणून.

नंतर तेच व्हिडिओ नीट बघितले. स्प्रे मारून रात्रभर मुरू द्या, घाई करू नका, असं प्रत्येकात सांगितलंय... आणि प्रत्येक वेळी तेवढाच भाग मी पुढे पळवला होता.

नवा बेल्ट बसला, किंचाळी बंद झाली. मैंदर्गीला जाऊन अक्काला घेऊन आलो. मागच्या सीटवर उशी टाकून ती सगळी वाट झोपली होती, आणि मी आयुष्यात इतकी हळू गाडी कधी चालवली नव्हती.

परवा पहाटे तिला कळा सुरू झाल्या. बीपी एकदम चढलं... पण हॉस्पिटल जवळच, लगेच पोचलो. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा मी तिथल्याच बाकावर बसून घेतलं. मुलगी झाली. दोघीही छान आहेत.

अप्पा म्हणतात देवीने बोल्ट सोडवला, मी म्हणते स्प्रेने. काल नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि तासभर खाली ठेवेचनात... तेव्हा मी तो वाद सोडून दिला.

अप्पा, ही पोस्ट तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे. त्या दिवशी तोंडावर नको ते बोलले, पण तुम्ही मला अडवलंत म्हणून अक्का वेळेवर घरी आली. थँक्यू...