माश्यांचा सैपाक

बाटली कानाशी धरून प्रयोगशाळेत कामाला असलेल्या मावशी डोळे मिटायच्या. आतली बारीक गुणगुण ऐकून म्हणायच्या, "जेवून राह्यल्या." मगच बाटली फळीवर जायची.

वाशीमच्या आमच्या कॉलेजात मी फळमाश्यांवर संशोधन करत होते. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, त्याच चिमुकल्या. त्यांच्याही आतड्यात जंतू नांदतात, आणि आयुष्य दोनेक महिन्यांचं. सोयाबीनची प्रथिनं वाढवली की पोटातल्या जंतूंचं आणि तब्येतीचं काय होतं, ते त्यांच्यात लवकर कळतं.

माश्यांचं खाणं मावशी शिजवत. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि मोजून सोयाबीनचं पीठ. बोटाने चाटून बघत. "लोक माशा हाकलतात, अन् माह्या नशिबी त्यायचा सैपाक!" म्हणत पदराआड हसत.

मूळच्या किन्हीराजा गावच्या, नवरा गेल्यावर वाशीमला खोली घेऊन राहत होत्या. डब्यात मात्र रोज मुरमुरे. विचारलं तर म्हणाल्या, "एकटीसाठी गॅस कायले पेटवा?"

एकदा जास्त प्रथिनांच्या बाटल्यांतल्या माश्या भराभर मेल्या. माझं चार महिन्यांचं काम मातीत. विद्यार्थिनींसमोरच मी ओरडले, "मावशी, मोजायला चुकलात तुम्ही!"

"पिठाले कुबट वास येऊन राह्यला होता, म्याडम. मी सांगतलं होतं तुमाले."

सांगितलंही असेल. लॅपटॉपमधून मान न काढता मी 'हो हो' केलं असेल. तपासलं, तर सोयाबीनच्या पिठात बुरशी निघाली. मी ते टाकून दिलं, प्रयोग नव्याने मांडला. मावशींना काहीच बोलले नाही. उद्या बोलू, असं रोज वाटायचं.

त्यानंतर त्या चाटून बघेनात. वजनकाट्यावरचा आकडा मला दाखवत. मी मान हलवली की पीठ पातेल्यात टाकत. वर्षभर. प्रकल्प संपला, त्यांचं कामही संपलं. शेवटच्या दिवशी सगळ्या बाटल्या घासून, पालथ्या घालून गेल्या.

पुढे एकदा शेलूबाजारच्या फाट्यावर भेटल्या. पायाशी पिशवी.

"पोरानं बलावलं पुण्याले," म्हणाल्या.

मी घाईने म्हटलं, "मावशी, तेव्हा चूक माझी होती. पीठच खराब होतं."

"मले मालूम होतं."

गाडी येते का ते बघत म्हणाल्या, "तवाच सांगतलं असतं, त त्या पोरींसमोर माही मान वर राह्यली असती."

गाडी आली. मी पिशवी वर दिली. खिडकीतून हात हलवतील म्हणून थांबले. पण त्यांना जागा पलीकडच्या बाजूला मिळाली होती.