नाल्यापलीकडचं यंत्र

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण ऐकून माझी समजूत काढू नका—ते मला सहन होत नाही.

हातोदकडच्या शेतांत आम्ही चाळीस यंत्रं बसवली होती. पाला, म्हणजे पिकं करपवणारं गोठलेलं दव, पडणार असला की इंदूरच्या आमच्या ऑफिसातून निरोप सुटायचा, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जायचा आणि शेताशेतात भोंगा वाजायचा. बॅटरी वाचावी म्हणून यंत्रं बहुतेक वेळ झोपलेली असत. कुणी कधी जागं व्हायचं, निरोप कुणी कुणाला द्यायचा—ते वेळापत्रक माझं.

आणि ते जमत नव्हतं. कमलाबाईंचं शेत नाल्यापलीकडे, एकटं. त्यांच्या एका यंत्रासाठी अलीकडची तीन यंत्रं जास्त वेळ जागी ठेवावी लागत, त्यांच्या बॅटऱ्या लवकर संपत. साहेबांना दाखवायचे आकडे बिघडत. मग काय केलं मी? कमलाबाईंचं यंत्र यादीतूनच काढलं. एक ओळ पुसली, बस. आकडे सुंदर आले. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या—आणि मला त्या आवडल्या.

दबाव असेल, म्हणाल? कुणाचाच नव्हता. लक्षात आलं नसेल? सगळं कळत होतं. पाला काय रोज पडतो, असं म्हणत मी ती ओळ पुसली.

त्या जानेवारीत पडला. एकोणचाळीस शेतांत संध्याकाळीच भोंगे वाजले, लोकांनी पाणी सोडून पिकं वाचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा कमलाबाई आपल्या बटाट्याच्या काळ्या पडलेल्या पानांत उभ्या होत्या. "बेन, म्हारी मशीन तो बोली ज नी," एवढंच म्हणाल्या.

यंत्रं बसवणारा दिनेश माझ्या शेजारीच होता. "मॅडम, मैंने खुद चेक की थी," तो म्हणाला. मला माहीत होतं. तरी अहवालात मी लिहिलं—यंत्र बसवण्यात दोष. सही केली. त्याची नोकरी गेली.

आता बडा गणपतीजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी रस्ता बदलत नाही. कशाला बदलू? "आओ मॅडम, चाय पीके जाओ," तो हाक मारतो. मी जाऊन बसते. तो अजूनही विचारतो, त्या यंत्रात नेमकं काय बिघडलं असेल? मी म्हणते, काय माहीत. आणि चहा संपवते.