अप्पांचा थर्मामीटर

"पाण्याला ताप किती?"

कुणी तांब्या पुढे केला की अप्पा आधी हे विचारायचे. मग शर्टाच्या खिशातून, पेनाच्या शेजारून काचेचा थर्मामीटर काढायचे, तांब्यात बुडवायचे, डोळे बारीक करून पारा वाचायचे आणि मगच घोट घ्यायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. एकदा नवरीच्या मामाने विचारलं, "पाव्हणं, वरणात बी घालून बघता का?" अप्पांनी घातलाही असता. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हात धरला म्हणून वरण वाचलं.

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, पाट्यांचा रंग ओला होता आणि नळ कोरडे होते. आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा एका अडत्याच्या माडीवर भरायची. अप्पा तिथले मुख्य, मी सहायक. मूळचे उदगीरचे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. त्या दुष्काळात लिंगाला स्नान म्हणून रोज तीन थेंब घालायचे. "देवालाबी रेशन हाय," म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे.

काही वर्षांनी कलेक्टर कचेरीत जिल्ह्यातला पहिला कॉम्प्युटर आला. त्याची खोली एसीची. बाहेर चपला काढून आत जायचं. सगळे साहेब काहीतरी निमित्त काढून तिथे गारव्याला येऊन बसत. त्या यंत्राकडून काम करून घेतलं ते अप्पांनी. पन्नाशीत पुस्तकं मागवून ते प्रोग्राम लिहायला शिकले. कारखान्यातल्या रसायनाचा रेणू कसा जोडलेला आहे, पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, किती आणि ताप किती, हे सांगितलं की ते रसायन पाण्यात किती दिवस टिकेल याचा अंदाज यंत्र द्यायचं.

माझं डोकं चालेना तेव्हा त्यांनी डब्यातली भाकरी काढली. "हे बघ. आज अर्धी खाल्ली, उद्या उरलेल्यातली अर्धी. भाकर सरत न्हाई, पर शेवटाला कणच ऱ्हातात. पाणी त्या रसायनाला असंच खातंय. अर्धं व्हायला किती दिस, एवढंच यंत्र सांगतंय. पाणी जेवढं गरम, तेवढी त्याची भूक मोठी. म्हनून ताप चुकला की समदं चुकलं."

म्हणून त्यांचा नियम एकच होता. ताप विहिरीवर, पाणी वर काढल्या काढल्या घ्यायचा. बाटलीतला नाही.

एका वर्षी मे महिन्यात अहमदपूरच्या बाजूला एका वळणावर रसायनाचा टँकर उलटला आणि ओघळ खालच्या गावाच्या विहिरीत गेला. गावात पाणी असलेली तेवढीच विहीर. ते रसायन थेट मोजायचं यंत्र आपल्याकडे नव्हतं. नमुना मुंबईला पाठवायचा आणि हात बांधून बसायचं. तोवर गावाला काय सांगणार? अप्पांचा अंदाज, दुसरं काही नाही. जीप कुण्या साहेबाच्या दौऱ्यावर होती आणि अप्पांचा गुडघा सुजला होता. त्यांनी खिशातला थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला. "जपून ने. माझा डोळाच देऊन राहिलो तुला."

विहिरीवर पाऊणशे बायका घागरी घेऊन उभ्या. एकजण, कडेवर लेकरू, माझी बाहीच धरून विचारायला लागली, "दादा, कवा भरायचं पाणी? आमी खदानीवरून आणून राहिलो. दीड कोस हाय." मी गांगरलो. बाटली भरली, बूच लावलं आणि यष्टी गाठली. लातूर आलं तेव्हा खिशातला थर्मामीटर हाताला लागला. ताप घ्यायचा राहिला होता.

माडीवर वीज नव्हती, फ्रीज बंद. नमुना गारव्यात राहावा म्हणून मी बाटली कॉम्प्युटरच्या खोलीत, चालू एसीखाली ठेवली. सकाळी अप्पा यायच्या आत तिच्यात थर्मामीटर बुडवला आणि आकडा लिहिला. चोवीस.

"मे महिन्यात चोवीस?" अप्पांनी चष्मा वर केला. "विहिरीवरच घेतलास न्हवं?"

"हाव, अप्पा. लई खोल विहीर हाय."

मी तेव्हा लग्न झालेला, एका पोरीचा बाप होतो. पोरवयातली चूक म्हणायचीही सोय नाही. रागावतील एवढीच भीती होती, आणि अप्पा कधी कुणावर रागावलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि आकडा यंत्रात घातला. यंत्राने हिशेब केला: पाणी पिण्याजोगं व्हायला चाळीस दिवस. विहीर बंद म्हणून तिच्यावर बाभळीच्या फांद्या पडल्या.

तिसाव्या दिवशी खदानीवरून पाणी आणताना त्या गावची एक बाई उन्हाने रस्त्यातच कोसळली आणि गेली. ग्रामसेवक म्हणाला, तिचं लेकरू तिच्या शेजारी सांडलेल्या पाण्यात बसलेलं सापडलं. माझी बाही धरणारी तीच का, हे मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी मुंबईचा कागद आला. ग्रामसेवकाने बाविसाव्या दिवशी पाठवलेल्या नमुन्यात रसायन जवळजवळ उरलंच नव्हतं. म्हणजे ती बाई गेली त्याच्या आठ दिवस आधीच विहिरीचं पाणी पिण्याजोगं झालं होतं.

अप्पा प्रयोगशाळेतला दुसरा थर्मामीटर घेऊन लंगडत स्वतः त्या विहिरीवर गेले. परत आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "बत्तीस हाय. तू विहिरीवरच घेतलास न्हवं?"

"हाव, अप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून आपला थर्मामीटर काढून त्याच्याकडे. "मंग हेच बिघडलं असंल," म्हणाले.

अहवालात त्यांनी तेच लिहिलं: थर्मामीटर माझा स्वतःचा, सदोष, चुकीची जबाबदारी माझी. त्यांची बदली बिलोलीला झाली. त्यांच्या टेबलावर मी बसलो, पुढे बढत्याही घेतल्या. निरोपाच्या चहाला कुणीतरी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी काही न विचारता पिऊन टाकलं. खिशात नुसतं पेन होतं.

अप्पा गेल्याचं मला उशिरा कळलं. मी निवृत्त झाल्यावर उदगीरला अक्कांना भेटायला गेलो. बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "तुमचं लई नाव काढायचे हो. म्हनायचे, पोरगं खरं बोललं, माझंच यंत्र खोटं निघालं." मग कपाटातून एक रुमाल आणला. आत तो थर्मामीटर होता. "तुमाला द्या म्हनले होते."

मी थर्मामीटर घेतला आणि नमस्कार करून निघालो.

घरी आल्यावर बाजारातून नवा थर्मामीटर आणला. एकाच तांब्यात दोन्ही बुडवले. गार पाण्यात, मग कोमट, मग कढत. दर खेपेला दोन्ही पारे एकाच रेघेवर थांबले.

तुम्ही अप्पांना आता थोडंफार ओळखता. तांब्याला ताप विचारल्याशिवाय घोट न घेणाऱ्या या माणसाने हे त्याच दिवशी तपासून पाहिलं नसेल, असं तुम्हाला वाटतं? मला वाटत नाही. तांब्यातलं पाणी निवेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.