उस्ताजांची पानं

रत्नागिरीजवळच्या गावातून अब्बास कतारला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, आता सत्तावन्न. इतकी वर्षं त्याने एकच काम केलं. दोहा शहराच्या अल नस्र भागातल्या एका टायपिंगच्या दुकानात बसून लोकांचे अरबी अर्ज टाइप करायचे: व्हिसाचे, भाडेकराराचे, लायसनचे. लहानपणी मदरशात हाफिजसाहेबांनी छडीच्या धाकाने कुराण पढवलेलं, त्यामुळे अक्षरं बोटांत मुरलेली. पण अर्जांपुरती अरबी सोडली तर अर्थाच्या नावाने आनंदच होता.

मालकाने दिलेली खोली दुकानामागच्या गल्लीत होती. पूर्वी तिथे सहा जण राहायचे, सगळे कोकणातले. एकेक करून ते घरी गेले आणि तीन वर्षांपासून अब्बास एकटाच उरला. एकट्यासाठी कुठे मासळी साफ करत बसायचं, म्हणून तो विकतची खबूस रोटी आणि डाळीवर भागवायचा. अर्जही आता लोक मोबाइलवरच भरत. दुकानात दिवसदिवस कुणी फिरकत नसे.

अशाच एका दुपारी अदीबा आल्या. कॉलेजात अरबी शिकवून निवृत्त झालेल्या कतारी बाई, सत्तरीच्या. हातात फाइल, फाइलमध्ये हाताने लिहिलेली पानं. नव्या विद्यार्थ्यांना जुन्या अरबी साहित्याचा इतिहास सोपा करून सांगणारं पुस्तक त्या लिहीत होत्या. दर गुरुवारी दहा पानं द्यायच्या, आधीची दहा न्यायच्या. वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जायचे, त्यामुळे बाईंना मोडकीतोडकी हिंदी येई. अब्बास त्यांना उस्ताजा म्हणे, म्हणजे गुरुजीबाई. त्यापलीकडे बोलणं नसे.

चौथ्या गुरुवारी पानं परत देताना अब्बास घुटमळला.

"उस्ताजा, इथं एक शेर लंगडतोय."

"लंगडतोय म्हणजे?"

"अर्थ मला ठाऊक नाही. पण बाकीचे गुणगुणता येतात. हा मध्येच अडखळतो."

बाईंनी चष्मा लावला, ओठांतल्या ओठांत ओळ म्हटली, पुन्हा म्हटली. लिहिताना एक छोटा शब्द सुटला होता. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"कुठे शिकलास?"

"कुठेच नाही."

"कान शिकलाय," त्या म्हणाल्या. "आमचे सगळ्यात जुने कवी लिहीत नसत. त्यांच्या कविता पाठ करणारी माणसं असायची. अर्थ नंतर, आधी कान."

त्या दिवसापासून त्या तासभर आधी येऊ लागल्या. अब्बास चहा आणायचा आणि त्या पान वाचून अर्थ सांगायच्या. वाळवंटातला कवी प्रेयसीच्या तळापाशी येतो, तर तंबू उठून गेलेले, चुलीचे काळे दगड तेवढे उरलेले; तिथे उंट थांबवून तो रडतो आणि मग कविता सुरू होते. पुढे शहरं आली, कागद आला. बगदादच्या बाजारात पुस्तकांच्या नकला करून देणाऱ्यांची दुकानं थाटली. गद्य आलं, विनोद आला, बोलून लोकांना गंडवणाऱ्या भटक्या ठगांच्या गोष्टी आल्या. ठगांवर अब्बास मोकळेपणाने हसला. हसल्यावर त्याच्या लक्षात आलं, किती तरी दिवसांनी तो स्वतःचाच आवाज ऐकत होता.

चुलीच्या दगडांची गोष्ट त्याने फोनवर बायकोला, हजराला सांगितली.

"तुमी सांगताव तां बरां हाय," हजरा म्हणाली, "पन त्या बाईचा पुढं काय झाला?"

"ती लोकं गेली निघून."

"खंय?"

ते कवितेत नव्हतं. हजराने विषय बदलला. छपराच्या पन्हळी बदलायला हव्यात, म्हणाली.

मग एक गुरुवार कोरडा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या गुरुवारी त्याने फाइलवरच्या नंबरावर फोन लावला. त्यांची मुलगी जिक्रा बोलली. आईला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. आता घरी आणलंय.

एकतीस वर्षांत अब्बास कुठल्याही कतारी घराचा उंबरा ओलांडून गेला नव्हता. टाइप केलेली दहा पानं घेऊन तो गेला, तेव्हा आधी फाटकापासून दोनदा परत फिरला होता. जिक्राने त्याला आत नेलं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी मागितलं, पण तोंडून नुसता घरघर आवाज आला. पाणी हवं होतं, हे जिक्राला तिसऱ्या प्रयत्नात कळलं. बाईंनी वैतागून डोळे मिटले.

काय बोलावं ते न सुचून अब्बासने पानं काढली आणि वाचायला लागला. गद्य वाचलं. मग शेर आला. पहिली अर्धी ओळ त्याने म्हटली, आणि श्वास घ्यायला थांबला.

उरलेली अर्धी बाईंनी म्हटली. स्वच्छ, एकही अक्षर न तुटता.

जिक्रा दाराची चौकट धरून उभी राहिली. अब्बासने पुढच्या शेराची अर्धी ओळ म्हटली; बाईंनी तीही पुरी केली. पाणी मागता येत नव्हतं, पण ह्या ओळी कुठेतरी शाबूत होत्या. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, असं कधी कधी होतं.

पुढचे चार महिने दर गुरुवारी अब्बास गेला. पहिली अर्धी त्याची, दुसरी त्यांची. दुसरं बोलणं काहीच नाही. मार्चमध्ये एका गुरुवारी त्यांनी साथ दिली नाही, नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने सगळ्या ओळी एकट्यानेच म्हटल्या. सोमवारी त्या गेल्या. दफनाला तो मागच्या रांगेत उभा राहिला. हा कोण, असं कुणी विचारलं नाही.

शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलंच होतं. "त्यात काय येणार होतं, तुम्हाला काही बोलली होती?" जिक्राने विचारलं. अब्बासने नकारार्थी मान हलवली. पुस्तक होतं तसंच छापलं गेलं. एक प्रत जिक्राने दुकानात आणून दिली, उभ्याउभ्याच, आणि निघून गेली.

शुक्रवारी नमाजाहून आल्यावर अब्बास खोलीत बसून ते वाचतो. हळूहळू वाचतो, आता बराच अर्थ लागतो. शेर आला की पहिली अर्धी ओळ मोठ्याने म्हणतो आणि सवयीने थांबतो. मग उरलेली आपणच म्हणतो, आणि पान उलटतो.