गुंजी ते निपाणी: तीन हवांना पुरेल असा एकच पोशाख

भाद्रपद संपला तरी गुंजीचा पाऊस हटत नाही. बेळगावात त्याच दिवशी सकाळी अंगावर काटा येतो, आणि निपाणीत दुपारी टाळू भाजते. ही तीन गावं दोन दिवसांत गाठायची आणि शेवटी एका घरी चारचौघांत बसण्यासारखं दिसायचं, तर अंगावर काय घालावं? कापडाला रेशन लागल्यापासून दुसरा जोड ही चैन झाली आहे. मी जे घालून गेलो ते सांगतो. त्यातलं काय घ्यावं आणि काय टाकावं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

प्रोफेसरांशी भांडून मी इंटरच्या वर्गातून उठलो तो थेट गुंजीला आक्काकडे आलो होतो, कारण घरी, बेळगावच्या शहापुरात, आमचे वडील माझ्याशी बोलत नव्हते. शुक्रवारी सकाळी निपाणीच्या मित्राचं कार्ड आलं. रविवारी इंदूला बघायला कोल्हापूरकडची माणसं येणार होती. इंदू म्हणजे रंगारी आप्पांची मुलगी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती आमच्याच गल्लीत राहायची. आप्पा निपाणीला मेव्हण्याकडे गेले, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागलं नाही. कार्ड वाचून मी भाताच्या ताटावरून उठलो.

आक्का म्हणाली, "जेव तरी. निपाणीची मोटार उद्याची हाय न्हवं?"

"बेळगावची गाडी आजची आहे."

कोट अंगात, त्यावर दाजींची घोंगडी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, चपला हातात. गुंजीच्या स्टेशनापर्यंतच्या चिखलाला हाच पोशाख बरा. घोंगडी भिजली की जड होते, पण आतला कोट कोरडा राहतो. गाडीत मात्र ती शेजाऱ्याच्या अंगाला लागू देऊ नका. माझ्या शेजारचा खानापूरचा म्हातारा म्हणाला, "पावनं, तुमची मेंढी जरा तिकडं बांधा की."

संध्याकाळी शहापुरात पोचलो. घोंगडी घरी टाकली. कोटाची कोपरं झिजली होती, म्हणून वर घ्यायला काहीतरी झोकदार हवं होतं. अण्णांच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या मागावरून नुकतंच एक पांढरं उपरणं उतरलं होतं. काठ लाल, बोटभर रुंद, खळीनं कडक. घडी मोडली तर आवाज यावा असं. ते मी उचललं.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, मिठाच्या पाण्यातनं काढून देते. रात्रीत वाळंल."

"खळ गेली तर चिंधी होईल त्याची."

"ते गिऱ्हाइकाचं बोलणं झालं. तुम्ही विणकराच्या घरचं न्हवं?"

मी ऐकलं नाही. विणकराच्या घरात कोरं कापड कुणी तसंच अंगाला लावत नाही, हे मला पाळण्यापासून माहीत होतं. पण आप्पांसमोर ती कडक घडी खांद्यावर हवी होती. रात्रभर मी ती उशाशी ठेवून जागाच होतो.

शनिवारची सकाळ गार होती, कोट पुरला. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. भाडं लढाईआधीच्या दुप्पट, आणि तरीही पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या. मागच्या बाकावर बसाल तर काळा धूर तुमचाच, म्हणून पुढं बसा आणि पांढरं काही असेल त्याची उलटी घडी घालून मांडीवर ठेवा. संकेश्वरला मोटार बराच वेळ थांबली. तिथं भाकरी आणि खरडा खाल्ला, चांगला होता म्हणतात. माणसं रविवारीच येणार की शनिवारीच येऊन गेली असतील, एवढं एकच डोक्यात.

तवंदीच्या घाटात मोटार दमली. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा, मंडळी. हिला तुमचं वझं झेपंना झालंय." आम्ही चालायला लागलो आणि वरून असा पाऊस आला की ओढ्यात उभं राहिल्यासारखं झालं. घोंगडी शहापुरात. मी उपरणं छातीशी धरून कोटाची बटणं लावली. त्यानं काय होतंय?

निपाणीत ऊन होतं. आप्पांच्या दारात मी कोटाची बटणं सोडून उभा राहिलो तशी इंदूची आई किंचाळलीच. "कुठं पडलास रं? रक्त लई गेलंय."

मी खाली पाहिलं. सदऱ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत लाल ओघळ होते.

"रक्त न्हाय, मावशी. काठ आहे."

परसातून आप्पा आले. कोपरापर्यंत हात पिवळ्या रंगात रंगलेले. त्यांनी माझ्याकडे न बघता उपरण्याचं टोक धरलं, ओल्या अंगठ्यानं काठ चोळला आणि अंगठा उजेडात धरला.

"माग कुणाचा?"

"अण्णांचा."

"आन् सूत?"

सूत त्यांनीच रंगवलेलं होतं, अण्णा अजूनही निपाणीहूनच मागवत. ते त्यांनाही दिसत होतं. बाजारातलं म्हटलं असतं तर सुटलो असतो. तुमचं म्हटलं तर पोरगी मागायला आलेल्यानं बापाच्या धंद्यावर बोट ठेवल्यासारखं. कानशिलं तापली आणि मी बोलून गेलो, "तुमचंच, आप्पा. पण मी न धुता घेतलं. वहिनी सांगत होत्या."

"धुतलं असतंस तरी रंग गेला असता," आप्पा म्हणाले. "लढाई लागल्यापासनं परदेशी रंग येत न्हाय. जे मिळतंय ते असलं. तुझ्या अण्णानं कळवलं का न्हाय?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"व्हय. सगळे असंच गप बसतात, आन् मग सूत घ्यायचं बंद करतात." एवढं बोलून ते परसात गेले. इंदूबद्दल मी चकार शब्द काढू शकलो नाही.

कोरडे कपडे इंदूनं दाराआडून दिले. आप्पांचं जुनं धोतर आणि बंडी, दोन्हींवर सगळ्या रंगांचे डाग.

"कोट चुलीजवळ ठेवू नका, आखडंल," ती म्हणाली. "उद्या हितंच न्हवं?"

"कपडे वाळेपर्यंत."

"मग आई म्हणती, सावलीतच वाळू देत."

आई परसात होती. काही म्हणत नव्हती.

रविवारी पाहुणे आले तेव्हा सदरा ओलाच होता. आप्पांनी मला परसातल्या रंगाच्या कढईशी उभं केलं. गरम रंगात काठीवरच्या सुताच्या लडी सारख्या फिरवाव्या लागतात. हात थांबला की पट्टे पडतात. घरात इंदू पाट मांडून बसली होती, तिला काय विचारतात ते ऐकू येत नव्हतं, आणि मी काठी फिरवत होतो. जरीच्या टोपीतला एक पाहुणा हात धुवायला मागं आला.

"गडी चांगला मिळालाय, रंगारी."

काठी त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. पण लडी पाण्यात होत्या.

"गडी न्हाय," आप्पा म्हणाले. "शहापूरचा. आमच्यातलाच पोरगा."

पाहुण्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कळवतो," म्हणून माणसं गेली. नंतर मी तोंड उघडलं. इंदूसाठी आलो होतो, असं सांगितलं. आप्पांनी लडी पिळून वाळत घातल्या. "त्यांचं उत्तर येऊ दे. शब्द दिलाय," म्हणाले. सोमवारच्या मोटारीनं मी शहापूरला परतलो.

प्रवास कुणी करणार असेल तर माझं म्हणणं एवढंच: घोंगडी घरी ठेवू नका, कोट एक पुरतो, आणि कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय खांद्यावर घेऊ नका, ते कितीही झोकदार दिसलं तरी. बाकी तवंदीचा घाट पाऊस थांबल्यावर फार सुंदर दिसतो. मी तो येताना पाहिला.

मागच्या आठवड्यात मोटारवाल्याच्या हाती एक लाल लडी आली. सोबत आप्पांची चिठ्ठी, अण्णांच्या नव्हे, माझ्या नावानं. 'नवी कृती केली आहे. पाण्यात घालून कळव.' इंदूविषयी, पाहुण्यांविषयी एक अक्षर नाही.

मी लडी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली. पाणी गुलाबी झालं. 'थोडा सुटतो' असं कार्डावर लिहिलं. मग ते फाडलं, दुसऱ्यावर 'रंग सुटतो' एवढंच लिहिलं आणि विचार बदलायच्या आत पेटीत टाकून आलो. आज चौथा दिवस, उत्तर नाही. टपालवाला गल्लीत वळला की मी कामात असल्यासारखा मागापाशी जाऊन उभा राहतो.